व्हीटी कशी पाहावी? जळगावच्या एका विद्यार्थिनीच्या तीन प्रश्नांना उत्तर

प्रश्न: मी जळगावची, आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला ‘व्हिक्टोरियन काळातलं रेल्वे स्थानक’ हा विषय आहे आणि मी मुंबईचं सीएसएमटी (जुनं व्हीटी, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनस) घेतलंय. तीन ठिकाणी अडलेय. शैली गॉथिक म्हणायची की इंडो-सारासेनिक? नक्षीकाम बाजूला ठेवलं तर बांधकाम म्हणून त्यात शिकण्यासारखं काय आहे? आणि त्याच कंपनीने त्याच काळात बांधलेली आपली चाळीसगाव, पाचोरा, भुसावळकडची स्थानकं इतकी साधी का?

उत्तर:

ताई, शैलीचं आधी उरकून टाकू, त्यात फार वेळ घालवण्यासारखं नाही. ‘व्हिक्टोरियन गॉथिक, इटालियन गॉथिकच्या वळणाचं’ एवढं लिहा आणि पुढे चला. इंडो-सारासेनिक, म्हणजे इथल्या इस्लामी वास्तूंच्या वळणाची ब्रिटिशकालीन शैली, असं लिहू नका, इंटरनेटवर कितीही ठिकाणी दिसलं तरी. घुमट दिसला की लोकांना लगेच मुघल आठवतात. पण इथला घुमट अष्टकोनी आणि फासळ्यांचा आहे. त्याचं नातं युरोपातल्या घुमटांशी. फरक डोळ्यांनी बघायचा तर शेजारची जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कचेरी बघा. १९१३ मध्ये पुरी झालेली, जॉन बेगची. तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला आहे. ते इंडो-सारासेनिक. समोर महापालिकेची इमारत आहे, १८९३ ची, व्हीटी काढणाऱ्याच फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची. तिन्ही इमारती चालत पाच-दहा मिनिटांत होतात. तिन्हींची छोटी स्केचं एका पानावर शेजारी शेजारी काढा, व्याख्या पाठ करायची गरज उरणार नाही.

मोर, माकडं, आपल्याकडची झाडं-वेली व्हीटीच्या दगडात आहेत हे खरं. पण नक्षीत मोर आला म्हणून सांगाडा बदलत नाही.

(१९९६ मध्ये स्थानकाचं नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ आलं. प्रोजेक्टमध्ये तुम्ही तेच लिहा. आमच्या पिढीच्या तोंडात व्हीटी बसलंय, तेवढं सांभाळून घ्या.)

आता तिसरा प्रश्न दुसऱ्याच्या आधी घेतो, कारण त्यात ‘त्याच काळात’ हे दोन शब्द चुकीचे आहेत आणि ते दुरुस्त केले की बाकीचं बरंच आपोआप सुटतं.

जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला गेली. १८६० च्या दशकात रूळ चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला आले. भुसावळहून एक फाटा वऱ्हाडातून नागपूरला पोचला १८६७ मध्ये. दुसरा खांडव्यावरून वर गेला आणि १८७० मध्ये जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेला मिळाला, तेव्हा मुंबई-कलकत्ता सलग झालं. आणि व्हीटीचं काम सुरू कधी झालं? १८७८ मध्ये. म्हणजे आपल्याकडे इंजिनाची शिट्टी लोकांच्या सवयीची होऊन गेली होती तेव्हा मुंबईत व्हीटीचा पाया खणत होते. चाळीसगाव-पाचोऱ्याला पहिली स्थानकं झाली त्या काळात खुद्द मुंबईत कंपनीची गाडी बोरीबंदरच्या साध्यासुध्या स्थानकातूनच सुटत होती. आपली स्थानकं बोरीबंदरच्या पिढीची आहेत. व्हीटी पुढच्या पिढीची, आणि घरात पैसा आल्यानंतर जन्मलेली.

पैसा कुठून आला हेही बघा. जीआयपीच्या भागधारकांना सरकारने भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. रेल्वे नफ्यात चालो की तोट्यात, पाच टक्के मिळणारच; कमी पडले तर इथल्या महसुलातून भरायचे. अशा हमीवर काटकसर करण्याची घाई कुणाला असते? त्यात मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला, आणि खानदेश-वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला भाव चढला. युद्ध संपल्यावर तो उतरला, पण तोवर रूळ पडले होते आणि कापूस त्यावरून बंदराकडे जात राहिला. व्हीटीचा खर्च सोळा लाख रुपयांच्या थोडा वर गेला, काम दहा वर्षं चाललं. त्यातला किती पैसा आपल्या कापसाच्या गाठींवरचा, असा हिशेब कुणी मांडलेला मी पाहिला नाही. पण जी कंपनी मुंबईच्या त्या दिवाणखान्यात बसली तिच्या मालवाहतुकीतून भुसावळकडचा कापूस वजा करून बघा. जाता जाता हेही नोंदवा की १८७६ ते १८७८ दख्खनेत मोठा दुष्काळ होता, आणि पाया खणायला घेतला तो १८७८ मध्येच. इमारत सुंदर आहे. ते म्हणताना हे विसरायचं कारण नाही.

साधेपणाचं तिसरं कारण इमारतीच्या वापराचं. व्हीटीचा जो भाग आपण फोटोत बघतो तो मुळात स्थानक नाही, ते कंपनीचं मुख्य कार्यालय. आजही तिथे मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे. दिमाख हवा होता तो कार्यालयाला: भागधारक, सरकार, प्रतिस्पर्धी बीबी अँड सीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे कंपनी, सगळ्यांच्या डोळ्यांत भरायला. पाचोऱ्याला डोळ्यांत कुणाच्या भरायचं? तिथे तिकीट खिडकी, मास्तरची खोली, दिव्यांची कोठी, बायकांची वेगळी प्रतीक्षा खोली आणि मालधक्का एवढं हवं. छोट्या स्थानकांना ठरीव नकाशे लावायचे आणि स्थानिक दगड वापरून उभं करायचं, हाच कंपन्यांचा रिवाज.

खानदेशातून जाणाऱ्या माणसाला एक गंमत सांगतो. आपण रात्रीच्या गाडीने निघतो, पहाटे व्हीटीला उतरतो, मेल-एक्स्प्रेसच्या फलाटांवरून बाहेर पडतो. तो मेलगाड्यांचा भाग १९२९ च्या विस्तारातला. म्हणजे आयुष्यभर व्हीटीला ये-जा करूनही जुनी इमारत समोरून न पाहिलेली माणसं जळगाव-धुळ्यात शेकड्यांनी निघतील. तुम्ही त्यातल्या होऊ नका. उतरलात की लोकलच्या बाजूला या, तिथून बाहेर पडून रस्ता ओलांडा आणि महापालिकेच्या कोपऱ्यावरून मागे वळून बघा.

आता दुसरा प्रश्न, ज्यासाठी मी मुळात लिहायला बसलो.

स्टीव्हन्स हा सरकारी बांधकाम खात्यातला माणूस, या कामासाठी जीआयपीकडे आलेला. नकाशे करण्याआधी तो युरोपात दहा महिने स्थानकं बघत फिरला. लंडनचं सेंट पँक्रास त्याच्या डोक्यात होतं हे दिसतंच. पण सेंट पँक्रास उचलून मुंबईत ठेवलं असतं तर पहिल्या मृगात ते भिजलं असतं आणि पहिल्या मे महिन्यात आतली माणसं उकडली असती. त्याने काय केलं ते बघायचं असेल तर शिल्पांवरून नजर काढा आणि दोनच गोष्टींचा पाठलाग करा: वजन जमिनीत कसं उतरतं, आणि पाणी कुठून कुठे जातं.

वजनापासून सुरू करू. दर्शनी बाजूला मजल्यामजल्याला व्हरांडे आहेत आणि व्हरांड्यांना टोकदार कमानींची रांग. अर्धवर्तुळाकार कमानीत गाळ्याची, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेची, रुंदी ठरली की उंची ठरूनच जाते, तुमच्या हातात काही राहत नाही. टोकदार कमानीत गाळा अरुंद असो की रुंद, टोक हव्या त्या पातळीवर आणता येतं, म्हणून वेगवेगळ्या मापांचे गाळे एका ओळीत सुखाने बसतात. दुसरा फायदा रेट्याचा. कमान वरचं वजन नुसतं खाली नेत नाही, खांबांना बाहेरही ढकलते. त्याच गाळ्याला उंच टोकदार कमान घेतली तर बसक्या कमानीपेक्षा हा आडवा रेटा कमी. रांगेत मधल्या खांबाला दोन्हीकडून ढकललं जातं, दोन रेटे एकमेकांना तोलतात आणि खांब बारीक ठेवता येतो. प्रश्न उरतो शेवटच्या कमानीचा. तिला पलीकडून आधार द्यायला कुणी नाही. आता व्हीटीकडे बघा: कमानींची रांग जिथे संपते तिथे भरीव, जड, पुढे आलेला त्रिकोणी माथ्याचा भाग उभा आहे, कोपऱ्यांना बुरुजवजा मनोरे. पर्यटकाला ती शोभा वाटते. माझ्या मते रांगेचा उरलेला रेटा दाबून धरणारं वजन म्हणून ते आधी बघावं, शोभा नंतर. कळसासारखी दगडी शिखरं असतात त्यांचंही तेच; खांबावर वरून वजन टाकलं की आडवा रेटा त्याला सहजी कलंडवू शकत नाही.

घुमटाकडे येऊ. खाली मोठ्या जिन्याचा चौक, वर अष्टकोन, त्यावर आठ बाजूंचा फासळ्यांचा दगडी घुमट, आणि माथ्यावर प्रगतीची मूर्ती, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हाताशी आऱ्यांचं चाक. ती मूर्ती आणि फाटकावरचे सिंह-वाघ थॉमस अर्पचे. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा, हे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. कमी लिहिलं जातं ते हे, की घुमटाच्या फासळ्या डव्हटेल (पारव्याच्या शेपटीसारख्या खाचेच्या) सांध्याने एकमेकांत अडकवून, खालून सेंट्रिंग, म्हणजे तात्पुरता लाकडी आधार, न लावता वर चढवल्या. त्या काळात याचं मोठं कौतुक झालं.

हे शक्य कसं झालं? आपल्याकडची गोल बांधीव विहीर आठवा. मातीचा दाब सगळीकडून आत येतो, पण कड्याचे दगड एकमेकांना दाबून घट्ट होतात, एकही आत पडत नाही. घुमटाचा प्रत्येक थर तसंच एक कडं आहे. थर पूर्ण झाला की तो स्वतःला धरून ठेवतो. खरी पंचाईत थर अर्धवट असताना, कारण आत झुकलेला दगड चुना सुकेपर्यंत घसरणार. तेवढा वेळ तो धरून ठेवायचं काम डव्हटेल करतो. सुताराचा सांधा दगडात आणायचा म्हणजे प्रत्येक दगडाची घडण चोख हवी. वर चढवल्यावर तासून चालत नाही. त्या उंचीचं लाकडी सेंट्रिंग उभारण्याचा खर्च वाचला तो असा पाथरवटाच्या हातात गेला. स्टीव्हन्सचं नाव सगळे घेतात. त्याच्या हाताखाली सहायक अभियंता म्हणून सीताराम खंडेराव वैद्य होते, ते नाव तुमच्या प्रोजेक्टमध्ये असू द्या.

घुमटाखालचा जिना मला व्हीटीतली सगळ्यात शिकवणारी जागा वाटते. पायऱ्या एका बाजूने भिंतीत, दुसरी बाजू मोकळी. पुस्तकात याला कॅन्टिलिव्हर म्हणतात आणि विद्यार्थी लगेच बाल्कनीसारखा बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) काढून मोकळे होतात. दगड ताणात किती कमजोर असतो ते तुम्हाला माहीत आहे. खऱ्या कॅन्टिलिव्हरसारखं वागला असता तर मोडला असता. अशा जिन्यात पायरीची पुढची कड खालच्या पायरीवर टेकलेली असते. भिंतीत तिचा थोडाच भाग गेलेला असतो, तो मुख्यतः तिला पिळू देत नाही. वजन पायरीवरून पायरीवर उतरत खालच्या दगडापर्यंत जातं. त्यामुळे अशा जिन्यात एक पायरी तडकली तर तिच्या वरच्या सगळ्यांची काळजी करायची. सर्व्हे करताना प्रत्येक पायरीचा टेकू तपासा, असं मी माझ्याकडच्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो.

पाणी. धुळ्याकडे एक म्हातारे गवंडी माझ्याबरोबर कामाला असायचे. नवीन इमारत बघायला गेलो की त्यांचं एकच: “पानी कथं जास ते पयले देख.” व्हीटीला हे वाक्य लावून बघा. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही चार महिन्यांत, वाऱ्याबरोबर आडवा. भिंतीबाहेर डोकावणारे जनावरांच्या तोंडाचे दगड बघितलेत ना, ते छतावरचं पाणी भिंतीपासून लांब फेकण्यासाठी. प्रत्येक मजल्याच्या पातळीला पुढे काढलेली दगडी पट्टी असते, वरून येणारं पाणी भिंतीला चिकटून खाली उतरू नये म्हणून. आणि व्हरांडा तर एक पूर्ण खोली रुंदीची छत्री आहे: पाऊस बाहेरच्या कमानीवर अडतो, ऊन कार्यालयाच्या भिंतीपर्यंत पोचत नाही, आणि समुद्राकडचा वारा आरपार जातो. लंडनच्या गॉथिकमध्ये हे नाही. तिथे ऊन आत घ्यायचं असतं. व्हीटीतलं हिंदुस्थानीपण शोधायचं तर मला ते मोरापेक्षा व्हरांड्यात जास्त सापडतं.

आणि हाच व्हरांडा आपल्या स्थानकांना आहे. जुन्या छोट्या स्थानकांचा साधा साचा डोळ्यांपुढे आणा: जाड दगडी भिंती, उंच छत, छताखाली गरम हवा बाहेर जायला झरोके, आणि फलाटाच्या बाजूला खोल पडवी. पडवीला टोकाशी लाकडी किंवा पत्र्याची कातरलेली झालर. खांब ओतीव लोखंडाचे, कधी लाकडी, पुष्कळदा जुन्या रुळांचेच. खानदेशात पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर, धुळ्याकडे त्याहूनही कमी. इथे पडवी आहे ती मुख्यतः उन्हासाठी. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा जाड दगडी भिंतीतून उष्णता आत यायला दुपार उलटून जाते, आणि ती येते तेव्हा बाहेर वारं सुटलेलं असतं. झालरीचंही काम आहे: संध्याकाळचं तिरपं ऊन ती कापते, आणि पावसात पागोळ्यांचं पाणी तिच्या टोकांवरून सुटं होऊन फलाटाबाहेर पडतं. व्हीटीतल्या दगडी पट्ट्या आणि तोंडं जे काम करतात तेच इथे वीतभर रुंद फळी करते. साधेपणाला कमी लेखू नका.

दगडाबद्दल मात्र एक गैरसमज काढायला हवा. ‘खानदेशात काळा बेसाल्ट, तो कोरता येत नाही, म्हणून स्थानकं साधी’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. चाळीसगावजवळ पाटणादेवीला जा, नाहीतर मुक्ताईनगरजवळ चांगदेवाला. तिथल्या मंदिरांची घडण बघा आणि मग सांगा कोरता येत नाही म्हणून. येतो. वेळ लागतो, छिन्नी सारखी पाजवावी लागते आणि मजुरी वाढते. व्हीटीत नाजूक कोरीव कामाला पोरबंदरचा चुनखडीचा दगड आणला, तो खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो. भिंतींना मुंबईच्या परिसरातला पिवळसर दगड, मोजक्या ठिकाणी इटालियन संगमरवर. दगड निवडला की कोरणाऱ्याचा वेग ठरतो आणि वेगावर खर्च. चाळीसगावला पोरबंदरचा दगड आणण्याइतकं कुणाचं डोकं फिरलं नव्हतं. जवळच्या खाणीतला काळा दगड, कोपऱ्यांना आणि दारा-खिडक्यांभोवती घडीव, बाकी भिंत डबराची. त्या पैशात तेच शहाणपणाचं होतं.

कोरीव कामाचा विषय निघालाच आहे तर जळगावकरांनी अभिमानाने सांगावी अशी एक गोष्ट. व्हीटीतली शिल्पं, जिन्याचे लोखंडी-पितळी कठडे, तिकीटघरातलं लाकडी काम यांत सर जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता, आणि तिथे शिकवत होते जॉन ग्रिफिथ्स. हेच ग्रिफिथ्स १८७२ पासून पुढे बारा-तेरा वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत होते, लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला. त्या नकलांपैकी बऱ्याच इंग्लंडमध्ये आगीत जळाल्या, ती वेगळी रडकथा. म्हणजे एकाच शाळेत, एकाच शिक्षकाच्या हाताखाली त्या वर्षांत अजिंठ्याची रेघ गिरवणं आणि व्हीटीची नक्षी घडवणं शेजारी शेजारी चालू होतं. व्हीटीच्या अमुक मोरात अजिंठा दिसतो असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला पुरावा लागेल. पण जे. जे.त तयार झालेल्या त्या हातांना चांगल्या भारतीय चित्राची ओळख होती, हे नोंदवण्यासारखं आहे. दर्शनी भिंतीवर कोरलेल्या चेहऱ्यांमध्ये जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभॉय आहेत, तेही शोधा. मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४० च्या दशकात खटपट करणाऱ्यांपैकी हे दोघे.

आता थोडं माझ्या रोजच्या कामाचं, कारण तुम्ही पुढे याच धंद्यात येणार. व्हीटी असो की आपल्याकडचं स्थानक, दोन्ही सिमेंटच्या आधीचं चुन्यातलं बांधकाम आहे. चुना दगडापेक्षा मऊ असतो आणि श्वास घेतो: भिंतीत शिरलेलं पाणी सांध्यांतून वाफ होऊन निघून जातं, आणि भिंत थोडी हलली तर तडा दगडाऐवजी सांध्यात जातो. खानदेशातल्या एका जुन्या दगडी सरकारी इमारतीत मला बोलावलं तेव्हा ठेकेदाराने सगळ्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, खरवडून त्यात सिमेंट भरलं होतं. दिसायला चकाचक. तिसऱ्या पावसाळ्यात दगडांचे पापुद्रे निघायला लागले, कारण पाणी सांध्यातून बाहेर पडेना, ते दगडातून वाट काढायला लागलं, आणि येताना क्षार घेऊन आलं. बेसाल्ट निदान दणकट आहे. पोरबंदरी दगडाला ही शिक्षा दिली तर नक्षी पिठासारखी गळते. म्हणून दुरुस्तीचं मसाल्याचं प्रमाण आधी जुन्या चुन्याचा नमुना तपासून ठरवायचं. अंदाजाने ‘एकास तीन’ म्हणून सुरू करायचं नाही. दगडावर ऑइलपेंट फासणं हाही त्याच पठडीतला उद्योग, आणि आपल्याकडच्या किती दगडी भिंती असल्या रंगाखाली गुदमरल्यात ते तुम्ही गाडीच्या खिडकीतून मोजू शकता.

तुमच्या प्रोजेक्टसाठी माझा सल्ला असा की व्हीटी एकटी घेऊ नका. २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे, तिच्यावर लिहिलेलं भरपूर आहे, तुम्ही फार तर दुसऱ्यांचंच पुन्हा मांडाल. तिच्याबरोबर खानदेशातलं एक जुनं स्थानक किंवा निदान त्याचा शिल्लक भाग घ्या आणि दोन्हींचे एका प्रमाणात छेद (सेक्शन) काढा: व्हरांड्याची खोली, भिंतीची जाडी, छताची उंची, उन्हाचा कोन. तुलना तिथे होईल, दर्शनी चित्रात होणार नाही. वेगळ्या कंपनीचं बघायचं तर सुरतेहून नंदुरबार, अमळनेर करत जळगावकडे येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे आहे. ती आणि चाळीसगाव-धुळे फाटा दोन्ही १९०० च्या सुमाराला पुरे झाले, व्हीटीनंतर. पाचोरा-जामनेर अरुंद रुळांचा मार्ग त्याही पुढचा, ५६ किलोमीटरचा, २०२० मध्ये गाडी बंद पडली. शेंदुर्णी, पहूरकडच्या त्या छोट्या स्थानकांचं मोजमाप कुणी करून ठेवलं तर फार बरं होईल, कारण रुंदीकरणात काय टिकेल ते सांगवत नाही.

आणि उशीर करू नका. अमृत भारत योजनेत नूतनीकरण झालेल्या स्थानकांचं मे २०२५ मध्ये उद्घाटन झालं त्यात धुळे आणि सावदा होतं. सोयी झाल्या, लिफ्ट आल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण अशा कामात जुन्या भिंतीवर नवीन पॅनेल चढलं की मागे काय होतं ते कळायला मार्ग राहत नाही.

मोजायला जाताना कॉलेजचं पत्र घेऊन विभागीय रेल्वे कार्यालयाकडून लेखी परवानगी काढा. आपल्याला भुसावळ जवळ आहे, स्वतः जाऊन अर्ज दिलात तर लवकर होतं. परवानगी हातात येईपर्यंत ट्रायपॉड आणि टेप फलाटावर काढू नका, आरपीएफवाले हटकतात आणि त्यांचं बरोबरच असतं. बरोबर एक लाकडी पट्टी ठेवा, दगडाशेजारी धरून फोटो काढायला. मास्तरांच्या खोलीत जुना नकाशा भिंतीवर असेल तर तोही विचारून टिपून घ्या. दोन छेद झाले की इथे टाका, बघून सांगतो.